तंबूतील पदवीदान

प्रत्येक विद्येला जसा आरंभ असतो तसा समाप्तीचाही काही विधी असतो. गुरुगृही अध्ययन पुरे केलेल्या ब्रह्मचाऱ्याचे समावर्तन होई व स्नान करून तो स्नातक म्हणून घरी परते. विद्यापीठातील विद्यार्थी झगा घालून पदवी घेतो. गवयाचा शिष्य जाणत्यांच्या बैठकीत प्रथम गातो, तर तालमीतला पोरगा जत्रेच्या फडात प्रथम लंगोट कसून उतरतो. सर्कशीत काम शिकलेल्या मुलाचे समावर्तन मात्र तंबूत होते. भोवताली हजार दोन हजार माणसे, वर पन्नास फुटांवर टांगलेला झोपाळा, खाली जाळे, आणि बँड एकाएकी थांबलेला. तेथे परीक्षक एक नसतो. पैसे मोजून बसलेला प्रत्येक मनुष्य परीक्षकच असतो. त्या परीक्षेत पस्तीस गुणांवर उत्तीर्ण होण्याची सोय नाही. हात धरला तर धरला, सुटला तर सुटला.

या परीक्षेसाठी आपल्या देशात विद्यार्थी कोणी तयार केले, कोठे केले आणि कोणत्या पद्धतीने केले, हा इतिहास फारसा सांगितला जात नाही. हिंदुस्थानातील पहिली देशी सर्कस एका मराठी माणसाने उभी केली, हे सुशिक्षित कुटुंबांतून बहुधा ठाऊक असते व त्याचा अभिमानही बाळगला जातो. परंतु सर्कस शिकविणारी पहिली शाळा महाराष्ट्रात निघाली नाही. ती मलबारात निघाली. आणि आश्चर्य असे की ती निघण्याला कारणही तोच मराठी मनुष्य झाला. सर्कशीचा धंदा पुढे महाराष्ट्राच्या हातून का निसटला, याचे उत्तर बरेचसे या एका गोष्टीत आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की खुद्द सर्कस ही शाळेच्याच पोटी जन्माला आली. फिलिप ॲस्टली हा इंग्रजी घोडदळातील एक सार्जंट-मेजर. पलटण सोडल्यावर त्याने १७६८ साली लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिणेस घोडेस्वारी शिकविण्याचा वर्ग काढला. सकाळी तो शिष्यांना स्वारी शिकवी, आणि दुपारी त्याच आवारात लोकांना पैसे घेऊन घोड्यावरील कसरती दाखवी. घोडा सरळ रेषेत धावविला तर तो प्रेक्षकांच्या दृष्टीआड होतो. शिवाय त्याच्या पाठीवर उभ्या राहिलेल्या स्वाराला तोल सांभाळणे कठीण जाते. वर्तुळात धावविला म्हणजे स्वार किंचित आत झुकतो आणि घोड्याचा वेगच त्याला तोलून धरतो. ॲस्टलीने लहानमोठी रिंगणे आखून पाहिली व शेवटी ४२ फूट व्यासाचे रिंगण कायम केले. आज जगातील कोणत्याही सर्कशीत गेले तरी रिंगण साधारण तेवढेच आढळते. अर्थात ज्याला आपण खेळाचे मैदान समजतो, ते मुळात शिक्षकाच्या सोयीसाठी आखलेले वर्तुळ आहे. तमाशाचे डोंबारी, विदूषक, दोरीवरचे नट हे सगळे नंतर आले.

आपल्याकडेही आरंभ घोड्यापासूनच झाला. विष्णुपंत मोरेश्वर छत्रे हे सांगलीकडील अंकलखोप या गावचे. तरुणपणी ते गाण्याच्या ओढीने ग्वाल्हेरीस गेले. तेथे हद्दूखाँसारख्या थोर उस्तादाजवळ त्यांनी तालीम घेतली, आणि त्याच मुलुखात घोडे फिरविण्याची विद्याही हस्तगत केली. एका हाती तंबोरा व दुसऱ्या हाती चाबूक असा हा विलक्षण मनुष्य होता. पुढे हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ भ्रमिष्टासारखे भटकत असता विष्णुपंतांनीच त्यांना आसरा दिला व सर्कशीबरोबर गावोगाव नेऊन त्यांचे गाणे लोकांना ऐकविले. सर्कशीच्या पैशावर एक घराणे जगले, ही गोष्ट संगीताच्या इतिहासकारांनी कृतज्ञतेने नोंदविली आहे. सर्कशीच्या इतिहासातही तिचे मोल आहे, कारण विष्णुपंतांनी शिक्षण म्हणजे काय याचा जो अनुभव घेतला होता तो सर्व गुरूच्या पायाशी बसून घेतलेला होता.

कुरुंदवाड संस्थानच्या पागेवर ते कामास होते. त्या सुमारास जुझेप्पे किआरिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईत आली. कुरुंदवाडकर अधिपतींसह विष्णुपंत ती पाहावयास गेले, आणि असली कामे हिंदी लोकांकडून व्हावयाची नाहीत अशा अर्थाचे उद्गार ऐकून त्यांनी पैज घेतली, अशी कथा सांगतात. सांगणाऱ्यागणिक या कथेचा तपशील बदलतो. पैजेची रक्कम बदलते, मुदत बदलते. काही ठिकाणी सर्कसवाल्याचे नावही बदलते. तेव्हा कथा म्हणूनच ती घ्यावी. परंतु २० मार्च १८८० रोजी मुंबईत 'ग्रेट इंडियन सर्कस' या नावाने विष्णुपंतांचा पहिला खेळ झाला, हा इतिहास आहे.

कल्पना करावी की त्या रात्री तंबूत उतरलेला प्रत्येक जण प्रथमच त्या परीक्षेस बसला होता. मालक, गुरू, शिष्य सगळे एकाच वेळी. मग ही तयार माणसे आली कोठून? घोडी तर पागेतली होती, पण माणसे?

महाराष्ट्रात अंगमेहनतीच्या विद्येची परंपरा दुहेरी होती. एक डोंबारी, कोल्हाटी अशा फिरत्या जमातींची. दोन बांबूंवर ताणलेल्या दोरावर काठी तोलीत चालणारी डोंबाऱ्याची पोर पाहिली नाही असे खेडे विरळा. परंतु ही विद्या रक्ताच्या नात्याबाहेर जात नसे. पोर चालू लागली की बाप तिला दोर दाखवी. तेच तिचे उपनयन व तेच समावर्तन. त्या विद्येला लोकांनी पोटापुरते पैसे दिले, प्रतिष्ठा कधीच दिली नाही. दुसरी परंपरा तालमींची. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले आणि ती विद्या गावोगावच्या आखाड्यांत पसरली. तेलाने गुळगुळीत केलेल्या लाकडी खांबावर उलटे लटकून देहाची निशाणी करणारा ब्राह्मणाचा वा मराठ्याचा मुलगा सर्कशीच्या झोपाळ्याला निम्मा तयारच होता. मांडीची पकड, पाठीचा लवचिकपणा आणि उलटे असता न गोंधळणारे डोके ही तीन साधने त्याला खांबानेच दिलेली असत. छत्रे यांच्या व त्यांच्यामागून निघालेल्या मराठी सर्कशींचा पाया असा तालमीच्या लाल मातीत घातलेला होता.

त्यांच्यामागून सर्कशी पुष्कळ निघाल्या. म्हैसाळचे देवल, कार्लेकर, पुण्याचे शेलार, परशुराम माळी अशी नावे पुढील दोन पिढ्यांत घरोघर झाली. कृष्णाकाठचा हा चिमुकला प्रदेश एके काळी सर्कशींचे माहेरघर होता. बंगालमध्ये प्रियनाथ बोस यांनी १८८७ साली 'ग्रेट बेंगॉल सर्कस' काढली, तीही तेथील व्यायामशाळांतून उठलेल्या मुलांच्या बळावरच. आगगाडी जेथे जेथे पोचली तेथे तेथे तंबू पोचला. खानदेशापुरते पाहिले तर चाळीसगाव, जळगाव, भुसावळ ही गावे मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या लोहमार्गावर १८६० नंतरच्या दशकातच आली. धुळ्याला मात्र चाळीसगावचा फाटा १९०० साली मिळाला. हत्ती, पिंजरे, डोलकाठ्या व खुर्च्या यांचे लटांबर बैलगाड्यांवर घालून आग्रा रोडने आणणे हे येरागबाळ्याचे काम नव्हते. तेव्हा धुळ्याच्या वा पांझरेपलीकडील देवपूरच्या मुलांना या नवलाईसाठी जळगावकरांपेक्षा अधिक वाट पाहावी लागली असेल, तर त्यात त्यांचा दोष नव्हे.

आता या मराठी सर्कशींत मूल शिके कसे ते पाहण्यासारखे आहे. स्वतंत्र शाळा नव्हती. तंबू हीच शाळा. दुपारी खेळ नसे तेव्हा रिंगण मोकळे असे. त्या वेळात थोरला खेळाडू धाकट्यांना हाताशी घेई. आरंभी महिनेच्या महिने जमिनीवरच जात: हातांवर चालणे, कमान टाकणे, पुढची कोलांटी, मागची कोलांटी. घोड्यावर उभे राहावयास शिकणाऱ्याच्या कमरेला दोर बांधीत. दोराचे दुसरे टोक वरच्या आडव्या दांड्यावरून आणून उस्तादाच्या हाती असे. पोर घसरले की दोर ताणला जाई आणि ते घोड्याच्या टापांखाली न येता अधांतरी लोंबकळे. दोर केव्हा सैल सोडावा आणि केव्हा मुळीच सोडून द्यावा, यातच शिकविणाऱ्याचे सारे कौशल्य. फार दिवस बांधून ठेवलेले पोर दोराच्या भरवशावर राहते. फार लवकर सोडलेले पोर जायबंदी होते. शाळामास्तरांना हा पेच अपरिचित नाही.

झोपाळ्याचे शिक्षण तर याहून मासलेवाईक. उडता झोपाळा ही कला तशी अर्वाचीन. झ्यूल लेओतार नावाच्या फ्रेंच तरुणाने १८५९ च्या नोव्हेंबरात पॅरिसमध्ये ती प्रथम लोकांपुढे केली. तूलूझ गावी त्याच्या बापाची व्यायामशाळा होती व तिला लागून पोहण्याचा तलाव होता. त्या पाण्यावर झोपाळे टांगून पोराने सराव केला, म्हणजे पडला तरी पाण्यात पडावा. पुढे तलावाची जागा जाळ्याने घेतली. ही विद्या शिकू आलेल्यास प्रथम उडावयास शिकवीत नाहीत, पडावयास शिकवितात. जाळ्यात पाय रोवून पडले तर घोटा मोडतो, तोंडावर पडले तर मान जाते. पाठीवर सपाट पडले तर जाळे माणसाला चेंडूसारखे वर फेकून सुखरूप ठेवते. हवेतून घसरत असतानाही कूस बदलून पाठ खाली आणणे अंगवळणी पडले, म्हणजे मग पुढचा धडा. उडणाऱ्याने पलीकडच्या झोपाळ्यावर उलट्या लटकलेल्या सोबत्याला पकडावयाचे नसते, हेही ऐकणाऱ्यास नवल वाटेल. त्याने फक्त योग्य क्षणी, योग्य जागी हात पसरून पोचावयाचे. धरण्याचे काम धरणाऱ्याचे. नवशिका घाईने स्वतः पकडू पाहतो आणि चुकतो. विश्वास टाकावयास शिकणे हा त्या शिक्षणातला सर्वांत अवघड धडा असतो व तो पाठ होण्यास वर्षे लागतात.

आणि मग एके संध्याकाळी, बहुधा आधी फारसे न सांगता, मालक म्हणे, आज पोराला घाला. एवढाच पदवीदानाचा समारंभ. कुलगुरू नाही, भाषण नाही. भडक रंगाचा घट्ट पोशाख हाच झगा. काम साधले की रिंगणाच्या मध्यभागी येऊन उजवा हात वर करून मुजरा करावयाचा, आणि टाळ्यांचा आवाज विरण्यापूर्वी पडद्याआड जाऊन पुढच्या कामासाठी घोडा धरून उभे राहावयाचे.

या पद्धतीतून मोठी माणसे निघाली, हे नाकारता येत नाही. दामू धोत्रे हे पुण्याचे. १९०२ सालचा जन्म. नात्यातल्या शेलारांच्या सर्कशीत ते लहानपणीच शिरले. तेथे अंगाची कामे करीत करीत ते जनावरांकडे वळले, पुढे युरोपात गेले आणि १९४० साली अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्सच्या जगड्व्याळ सर्कशीत बिबळे व जॅग्वार खेळवू लागले. त्या सर्कशीच्या तीन रिंगणांत जगातील निवडक माणसे काम करीत. त्यांत हा पुणेकर पहिल्या पंक्तीला होता. त्यांच्यापाशी कसलेही प्रमाणपत्र नव्हते. प्रमाणपत्राची वाण पिंजऱ्यात भासली नाही.

तथापि एका दामू धोत्र्यावरून पद्धतीची परीक्षा करणे योग्य नव्हे. तंबूतील शिक्षण मालकाच्या आयुष्याला बांधलेले असे. मालक वारला, भाऊबंदकी माजली, वा एखाद्या पावसाळ्यात मुक्काम लांबून कर्ज झाले, की सर्कस मोडे. सर्कस मोडली की उस्ताद एकीकडे व शिष्य दुसरीकडे. साठ वर्षांत जमविलेले ज्ञान सहा महिन्यांत विखरून जाई. शिवाय प्रत्येक मालक आपली कामे दुसऱ्यास कळू देत नसे. देवलांकडचा पोरगा कार्लेकरांकडे गेला तर ती फितुरी ठरे. घराण्याची चीज चोरून ठेवणाऱ्या गवयाची जी वृत्ती, तीच ही.

हा पेच सर्वांत आधी जाणवला तो विष्णुपंतांनाच, असे त्यांच्या कृतीवरून दिसते. सिंहलद्वीप व त्यापलीकडील पूर्वेकडचे देश यांतून सर्कस फिरवून आणल्यावर त्यांना माणसांची नड भासू लागली. १८८७-८८ च्या सुमारास त्यांचा तंबू मलबार किनाऱ्यावर तेलिचेरीस, म्हणजे आजच्या थलश्शेरीस पडला. तेथे बासेल मिशनच्या शाळेत किलेरी कुंञिकण्णन नावाचे व्यायामशिक्षक होते. मलबारी कळरीची विद्या त्यांना येत होती आणि युरोपियन पद्धतीची कसरतही. मलबारातील मुलांचे चापल्य विष्णुपंतांच्या नजरेत भरले. त्यांनी या शिक्षकाशी ठराव केला: तुम्ही मुले तयार करावी, आम्ही त्यांना काम द्यावे. १८८८ साली किलेरी यांनी तेलिचेरीजवळ पुलंबिल येथे मुलांना सर्कशीची कामे शिकविण्यास आरंभ केला, आणि १९०१ साली चिरक्करा येथे रीतसर सर्कसची शाळा उघडली. हिंदुस्थानातील ही पहिलीच.

१९०१ हे साल चमत्कारिक आहे. ज्या कुरुंदवाडच्या पागेतून छत्रे निघाले, त्याच कुरुंदवाडात १८७२ साली विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले होते. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले. उस्तादाच्या घरची चाकरी करून, त्याच्या लहरीनुसार मिळणारी गाण्याची विद्या त्यांनी वर्गात आणली. तिला पाठ्यपुस्तके, इयत्ता, परीक्षा व पदव्या दिल्या, आणि संस्थानिकाच्या आश्रयावाचून लोकांच्या पैशावर ती चालविली. एका कुरुंदवाडकराने गाण्याची शाळा उत्तरेच्या टोकाला काढली; दुसऱ्याने बीज टाकलेली सर्कशीची शाळा त्याच वर्षी दक्षिणेच्या टोकाला निघाली. दोघांच्याही कार्याचा आरंभ ग्वाल्हेरच्याच गायकीशी जोडलेला. फरक एवढाच की पलुसकरांची शाळा पुढे १९०८ मध्ये मुंबईस आली व महाराष्ट्रात रुजली. किलेरींची शाळा इकडे कोणी आणली नाही. आणावी असे कोणास वाटल्याचेही दिसत नाही. मराठी सर्कसवाले तेलिचेरीहून तयार मुले आणीत राहिले. बाजारात तयार पीठ मिळू लागल्यावर घरी जाते कोण ओढतो?

किलेरी हे मालक नव्हते. शिक्षक होते, आणि शिक्षकच राहिले. सारा फरक येथे पडला. ते एका जागी बसून शिकवीत. त्यांचा विद्यार्थी कोणत्याही सर्कशीत जावयास मोकळा असे. मुले बहुतेक गरिबांची, आणि वरच्या जातींनी दूर ठेवलेल्या घरांतली. गावात ज्याला मान वर करून चालता येत नव्हते त्याला तंबूत सर्वांच्या डोक्यावरून उडता येत होते. १९०४ साली त्यांचे शिष्य परियाली कण्णन यांनी 'ग्रँड मलबार सर्कस' काढली. ती दोनच वर्षे टिकली, पण वाट पडली. दुसरा एक शिष्य ताणलेल्या दोरावरून उसळून हवेत कोलांट्या घेई व पुन्हा दोरावरच उतरे. १९३० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेच्या तंबूंतून त्याचे नाव 'कन्नन बोंबेयो' म्हणून झळकले. मलबारच्या पोराला परदेशात मुंबईचे नाव लागले, ही त्या काळी मुंबईची सर्कशीच्या जगात काय पत होती याची खूण समजावी. ती पत लवकरच नावापुरती राहावयाची होती.

किलेरी १९३९ साली वारले. मराठी सर्कशींच्या बाबतीत जे होत आले होते ते येथे झाले नाही. त्यांचे शिष्य एम. के. रामन यांनी गुरूच्या स्मरणार्थ शिक्षण चालू ठेवले. लहानपणी किलेरींजवळ आणि महायुद्धानंतर रामन यांच्याजवळ शिकलेल्यांत मूर्कोत शंकरन नावाचा तरुण होता. १९५१ साली त्याने महाराष्ट्रातील 'विजया' नावाची डबघाईस आलेली सर्कस विकत घेतली आणि त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला गुजरातेत बिलिमोरा येथे तिचा खेळ 'जेमिनी' या नव्या नावाने सुरू केला. पुढे जेमिनीचे नाव देशभर झाले. शंकरन २०२३ साली शंभरीच्या उंबरठ्यावर वारले. त्याआधी १९४७ साली आणखी एक घडामोड झाली होती. बाबूराव कदम यांनी १९२० साली काढलेल्या 'ग्रँड बॉम्बे सर्कस'मध्ये किलेरींचे भाचे के. एम. कुंञिकण्णन यांनी आपल्या दोन सर्कशी मिसळल्या, आणि तिघींची मिळून 'ग्रेट बॉम्बे सर्कस' झाली. पाटीवर मुंबई राहिली, कारभार तेलिचेरीचा झाला. हे कोणी लुटून नेले असे म्हणता येत नाही. ज्याने शाळा चालविली त्याच्या घरी पीक आले.

शाळेचे गुणगान करताना तंबूची काळी बाजू झाकणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. किलेरींसारखा शिक्षक सर्वत्र नव्हता. पुढील काळात अनेक सर्कशींनी शाळेचाही आडमार्ग टाळला आणि गरीब आईबापांच्या हाती थोडे पैसे ठेवून, करारावर अंगठा घेऊन, सात-आठ वर्षांची मुले नेली. नेपाळातून आणलेल्या मुलींची संख्या त्यांत मोठी होती. शिक्षण छडीचे, पगार नावाचा आणि घरची भेट दुर्मीळ. शाळेत शिकलेला मुलगा तयार झाला की मोकळा होतो. करारावर आणलेले मूल तयार झाले की मालकाला ते सोडवेनासे होते. म्हणजे ज्या रात्री त्याचे समावर्तन व्हावयाचे, त्याच रात्री त्याची बेडी पक्की व्हावयाची. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०११ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या अर्जावर निकाल देऊन सर्कशींत मुलांना कामास लावण्यावर बंदी घालण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला, तो याच कारणाने. वाघ, सिंह, अस्वले व माकडे यांच्या खेळांवरील सरकारी बंदी त्याच न्यायालयाने २००१ साली आधीच उचलून धरली होती.

या दोन निकालांनी धंदा बुडाला असे सर्कसवाले म्हणतात. तक्रारीत तथ्य आहे. कोवळ्या वयातच हाडे वळतात, हे त्यांचे म्हणणेही खोटे नाही. परंतु याला उपाय इतर देशांनी फार पूर्वी शोधला होता. मॉस्कोत १९२७ साली सरकारी सर्कस शाळा निघाली. तेथे मुले कोलांट्यांबरोबर गणित व भाषाही शिकत. फ्रान्सने १९८५ साली शालों येथे सर्कसकलेचे राष्ट्रीय विद्यालय उघडले. तेथील विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षी सर्वांनी मिळून एक संपूर्ण खेळ रचावा लागतो आणि तो गावोगाव नेऊन लोकांना दाखवावा लागतो. १९९५ साली बाहेर पडलेल्या वर्गाचा असाच खेळ नृत्यरचनाकार जोसेफ नाज याने बसविला. त्याचे नाव 'ल क्री द्यु कामेलेओं', अर्थात सरड्याची किंकाळी. विद्यार्थ्यांचा पदवीचा खेळ तो. पण त्याने फ्रान्समधील सर्कशीची चालच बदलून टाकली. पदवीदानाच्या समारंभाने विद्येलाच वळण लावल्याची अशी उदाहरणे इतर विद्यांतही थोडीच.

आपल्याकडे केरळ सरकारने २०१० साली थलश्शेरीस सर्कस अकादमी काढली. जागा किलेरींच्या गावची, हेतूही चांगला. काही वर्षांतच ती बंद पडली. महाराष्ट्रात, जेथे मल्लखांबाचे वर्ग अजूनही गजबजलेले आहेत, तेथे अशी एखादी संस्था काढावी असे छत्र्यांच्या नावाने उत्सव करणाऱ्यांच्याही मनात आलेले नाही.

त्याच २०१० साली काठमांडूत मात्र एक गोष्ट घडली. भारतातील सर्कशींतून सोडवून परत नेलेल्या नेपाळी मुलामुलींपैकी काही जण आता तरुण झाले होते. त्यांनी 'सर्कस काठमांडू' नावाची मंडळी उभी केली. ज्या कसरती त्यांना बालपणी धाकाने शिकविल्या गेल्या होत्या त्याच त्यांनी आता स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या नावावर, आपल्याच गावच्या लोकांपुढे केल्या.